इबू तेन्रीची जीभ

इंडोनेशियाच्या बेटांमधून पाहुण्यांना फिरवणाऱ्या आमच्या बोटीवर आठ केबिन, सोळा गाद्या आणि बत्तीस उशा. हाजी मुस्तारी बोटीचे मालक असतील, पण अंथरुणा-पांघरुणावर राज्य इबू तेन्रीचं; वडीलधाऱ्या बाईला आम्ही इबू म्हणतो. मी बाचो, तिथला स्वयंपाकी. मला अजून राग येतो, हे आधीच सांगून टाकतो.

बोटीवरची ओल नुसती लाटांतून येत नाही. झोपलेल्या माणसाची ऊब गादीतून खाली उतरते आणि गार फळीवर तिचं पाणी होतं. म्हणून तेन्रीने सुताराच्या मागे लागून सगळ्या पलंगांच्या फळ्या दोन-दोन बोटं अंतर सोडून ठोकून घेतल्या होत्या. त्यावर काथ्याची चटई आणि मग सावरीच्या कापसाची गादी. पाहुणे न्याहारीला बसले की ती सोळाच्या सोळा गाद्या उभ्या करायची, उशा छतावर वाळत टाकायची आणि दुपार कलायच्या आत खाली आणायची. एकदा मी तिच्या उशांशेजारी मासे तळले, तर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण चौदा वर्षांत तिच्या उशीवर बुरशीचा एक ठिपका कुणी दाखवावा.

चादरींची तऱ्हा वेगळी. समुद्राच्या पाण्यात धुतलेली चादर कितीही उन्हात टाका, तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढत बसतं. संध्याकाळ झाली की ती अंगाला चिकटते आणि गादीही भिजवते. आम्हा बोटीवरच्यांची बोटं कायम खारट, त्यांना मीठ कळत नाही. म्हणून तेन्री चादरीचं टोक जिभेला लावून बघायची. खारट लागलं की पुन्हा गोड्या पाण्यात. नाही लागलं तरी ते टोक शेवटी एकदा खळबळून काढायची.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हाजींनी गोड्या पाण्याच्या नळाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. पाणी फक्त पाहुण्यांच्या आंघोळीला आणि माझ्या चुलीला.

"चादरी समुद्रात धू," ते म्हणाले. "समुद्र काय आटतोय?"

"हाजी, त्या वाळायच्या नाहीत."

"उन्हात टाक, का नाही वाळणार?"

मग मी माझ्या वाटणीतून तिला दोन बादल्या चोरून द्यायला लागलो. दोन बादल्यांत सोळा चादरी कुठल्या निघतात? सगळ्यांत खारट कोणत्या ते ठरवायला तिला प्रत्येक चादर चाखावी लागे. तेच एका पाहुण्याने मोबाइलवर टिपलं. जेमतेम वीस सेकंद. बोटीवरची म्हातारी आमच्या चादरी चाटते, असं लिहून त्याने ते जगभर पाठवलं. मी दिवसभर डावातून कालवण चाखतो, त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही. ती नंतर ते टोक धुते, तेही कुणी काढलं नाही.

लाबुआन बाजोच्या धक्क्यावर, चार बोटींच्या माणसांदेखत हाजींनी तिला काढलं.

"माझ्या बोटीचं नाव घालवलंस. घरी जा."

"मी का चाखते ते तुम्हाला ठाऊक आहे, हाजी."

"मला काही ठाऊक नाही."

धादांत खोटं. हा माणूस बोटीवर जन्मला, याची आई अशाच चादरी चाखून वाळत घालायची. आणि मी? हातात डाव घेऊन उभा होतो, तोंडातून शब्द निघाला नाही. त्याची लाज मला हाजींच्या रागापेक्षा जास्त वाटते. त्या व्हिडिओनंतर तेन्रीला एकाही बोटीने उभं केलं नाही. साठीच्या बाईने चौदा वर्षं स्वच्छतेवर नाव कमावलं, आणि तिलाच घाणेरडी ठरवलं.

तीन आठवड्यांत गाद्यांवर काळे ठिपके आले. पाहुणे उशा टाकून डेकवर झोपू लागले, एक कुटुंब अर्ध्या सफरीतून उतरून गेलं. तेव्हा हाजींनी मला तिच्या घरी धाडलं.

"येईन," ती म्हणाली. "पण जिथं काढलं, तिथंच येईन. आणि बाचो, या वेळी तोंड उघड."

धक्क्यावर तीच सगळी माणसं होती. हाजी हळू आवाजात म्हणाले, "झालं गेलं सोड. चल कामाला. फक्त ते चाखणं केबिनचं दार लावून करत जा."

"दार लावून कशाला?" मी म्हणालो. "तिनं चोरी केली होती का? नळाला कुलूप तुम्ही घातलंत, हाजी. सगळ्यांना कळू दे."

समुद्रात धुऊन बोटीच्या कडेला ठेवलेल्या ढिगातून तेन्रीने एक चादर ओढली आणि तिचं टोक हाजींपुढे धरलं.

"जीभ लावा."

"लोक बघतायत, तेन्री."

"तेव्हाही बघत होते."

हाजींनी जीभ लावली. पलीकडच्या बोटीवरच्या दोघांनी मोबाइल वर केले.

"खाली ठेवा ते," तेन्री त्यांच्यावर डाफरली. "माणसाची अब्रू अशी काढत नाहीत." मग हाजींकडे वळली. "कशी लागते?"

"खारट."

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"खारट आहे," हाजी मोठ्याने म्हणाले.

तिने चादर घडी करून काखेत घेतली आणि हात पुढे केला. हाजींनी कमरेची किल्ली सोडून तिच्या तळहातावर ठेवली. माफी त्यांनी आजतागायत मागितलेली नाही. तेन्री चादरी चाखते ती डेकवर, भर उन्हात, पाहुण्यांच्या समोर.