बैलाचे वरचे दात

हे सगळं माझ्या घरमालकीण काकूंमुळे झालं, ते आधीच सांगून टाकतो. नावही लिहिणार होतो. पण "माह्यं नाव लिहिलं तं खोली खाली करजो," असं त्यांनी बजावलंय, आणि त्या बोलतात तसं करतात. तेव्हा नुसतं काकू. त्या नसत्या तर आज मी कोकणात, आमच्या काजूच्या बागेत गवत काढत असतो. तेही धड काढलं नसतं.

शाळा मी आठवीत सोडली. शाळेलाही त्याचं फार वाईट वाटल्याचं दिसलं नाही. सुतारकाम शिकलो आणि गावातल्या एकाच्या ओळखीनं इतक्या लांब, नागपूरजवळच्या हिंगण्याला, फर्निचरच्या कारखान्यात लागलो; राहायला नागपुरात, काकूंकडे. दिवसभर कपाटांना दारं लावायची. किती लावली देव जाणे. एकही दार आठवत नाही.

आमच्याकडे लाकडी बैलांचं काही नसतं. नागपुरात मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून घरोघर ओढत नेतात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे खाऊ नाही तर पैसे. पहिल्या वर्षी हे पाहिलं तेव्हा मी फाटकात तोंड उघडं टाकून उभा राहिलो. एका गल्लीत एवढे बैल! पण सगळ्यांचे चेहरे सारखे, डोळे बशीएवढे. वाटलं, यांच्यातल्या एकानंही जन्मात गवत पाहिलेलं नाही.

मग सुट्टीच्या दिवशी मागच्या अंगणात मी माझे बैल कोरायला लागलो. वशिंड एका अंगाला कललेलं, पापण्या जड, खालचा ओठ जरा लोंबता. काकू वर्ध्याकडच्या शेतकऱ्याची लेक. त्यांनी माझा पहिला बैल उचलून उलटासुलटा पाहिला.

"हा तं भर दुपारी वखराले जुपल्यावानी दिसते गा. पार कटाळला बिचारा."

मला वाटलं, नापास. तर म्हणाल्या, "म्हंजे बराबर आहे."

इतकं बरं मला कुठल्याच मास्तरांनी म्हटलं नव्हतं. पुढे त्याच म्हणाल्या, "काहून जातं रे त्या कंपनीत? दारं लावाले? बैल कर." आणि मी कंपनी सोडली. सोडली आणि हिंगण्याहून घरी पोहोचेपर्यंत चार वेळा पस्तावलो. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "शाळा सोडलंस, आता कंपनीय सोडलंस. फुडे काय सोडतलंस?" शेवटी ठरलं असं, की तान्ह्या पोळ्यापर्यंत एक तरी मोठा बैल विकायचा. नाही जमलं तर पटाशी पिशवीत घालून गावची गाडी धरायची.

काकूंनी माझे छोटे बैल कंपाउंडच्या भिंतीवर ओळीनं मांडले. लोक थांबायचे, निरखायचे आणि विचारायचे, "याले काय झालं? बिमार आहे काय?"

शेवटी काकूंनीच गिऱ्हाईक धरून आणलं. गांधीबागेतले कापडाचे व्यापारी, काकू साड्या घेतात त्या दुकानाचे मालक. पांढराशुभ्र झब्बा, पोट समोर, आवाज त्याच्याही पुढे. नातीचा पहिला तान्हा पोळा होता, तिच्या खांद्याएवढा सागवानी नंदी हवा होता. मी महिनाभर दुसरं काही केलं नाही. बैल जवळजवळ झाला तेव्हा ते पाहायला आले. दोन फेऱ्या मारल्या, पाठ थोपटली. माझी नाही, बैलाची.

"एक नंबर! फक्त याले हसव."

"बैल हसत नाही, शेटजी."

"आपला हसन. दात दाखव ना त्याचे. वर-खाली, पुरे."

मी घाबरत सांगितलं की बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती कडक हिरडी असते. म्हणून तर बाजारात खालचा ओठ ओढून वय बघतात.

"काहून नसतात?"

"नसतात. जन्मापासूनच."

"मंग आपल्या बैलाले लाव. अरे, मी कापडवाला माणूस. चार बोटं जास्तच देतो, कमी कधीच नाही. तू काहून दात कमी देऊन राहिला?"

याला उत्तर आठवीपर्यंत तरी शिकवत नाहीत. जाताना ते फाटकातून म्हणाले, "दात नसले तं बैल तुह्याजवळच ठेव, भाऊ."

मी दात कोरले. खोटं कशाला सांगू? दोन दिवस खपून वरचे आठ दात केले, घासले, पांढरे रंगवले. हिंगण्याला कपाटाला दार कुठल्या बाजूनं लावायचं याचा मी कधी वाद घातला होता का? मग इथेच काय, असं मनाशी म्हणत होतो. रंग वाळल्यावर चार पावलं मागे सरून पाहिलं. पापण्या दमलेल्या आणि खाली हे दात. लग्नात फोटोवाल्यानं चौथ्यांदा "स्माइल" म्हटल्यावर माणूस दिसतो तसा बैल दिसत होता.

काकू धुण्याची बादली घेऊन मागं आल्या. बादली खाली ठेवली आणि पायरीवर बसल्याच.

"माय वं! हे तं आमचे जावई!"

हसता हसता त्यांचा पदर डोळ्यांना गेला. त्यांनी शेजारणीला हाक मारली, "अवं, ये वं लवकर! जावई आले पाय!" शेजारीण खरंच डोक्यावरून पदर घेत आली. तिनं बैल पाहिला आणि म्हणाली, "पानठेल्यावर उभा करा याले. तंबाखूचा खर्रा मागन."

मीही हसलो. मग हसू थांबलं आणि मी बैलाच्या तोंडावर फडकं टाकलं. काकूंनी ते पाहिलं. शेजारणीला चहाच्या निमित्तानं वाटेला लावलं आणि मला विचारलं, "तुले कसा वाटते?"

"खोटा."

"मंग काहून लावले दात?"

"गावी जायचं नाही म्हणून."

त्यांनी उठून पदर खोचला. मग म्हणाल्या, "काढ. पुढचं पुढं पाहू."

मी पटाशी घेतली आणि दात उडवले. राग होता की सुटका, माहीत नाही. पण हात नको तेवढा जोरात चालला. दात गेले, त्यांच्याबरोबर वरच्या ओठाचा तुकडाही गेला. नाकाखाली लिंबाएवढं भोक पडलं. लाकूड काही परत उगवत नाही. पोळा चार दिवसांवर आला होता आणि माझ्या बैलाला धड तोंडही उरलं नव्हतं.

काकूंनी चपला घातल्या. "चाल."

मागच्या गल्लीत एका दूधवाल्याकडे म्हातारा बैल बांधलेला असतो. काकूंनी पदराखालून सरकीची ढेप, म्हणजे पेंड, काढली आणि त्याच्यापुढे धरली. बैलानं ती खाल्ली, मान वर केली आणि लांबलचक जीभ काढून सरळ डाव्या नाकपुडीत घातली. मग उजवीत.

"हे पाय! झाकते का नाही तुह्यं भोक?"

मी टेप घेऊन जिभेचं माप घ्यायला पुढे झालो. बैलानं टेप चाटला, मग माझं मनगट, मग शर्टाची बाही. माप अंदाजानंच घेतलं. परत येऊन बाभळीच्या तांबूस तुकड्याची जीभ कोरली, खुंटी मारून भोकात बसवली आणि टोक डाव्या नाकपुडीत वळवलं. आता हा बैल ढेप खाल्लेला, दमलेला आणि स्वतःवर खूश दिसत होता.

शेटजी ड्रायव्हरला घेऊन आले. त्यांनी वाकून बैलाच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"जीभ नाकात आहे."

"हो."

"अन् दात?"

मी चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आलं नाही. "लावले होते, शेटजी. मग काढले. बैलाला नसतात. तुम्हाला नको असेल तर... राहू दे इथेच." बोलून झाल्यावर मला मनात गाडीची शिट्टी ऐकू आली.

मागून काकू म्हणाल्या, "अन् बैल असाच हसते, भाऊ. ढेप भेटली का असाच. गांधीबागेत बसून तुमाले काय दिसन?"

शेटजींनी बैलाकडे पाहिलं. मग जीभ बाहेर काढली आणि नाकाला लावायचा प्रयत्न केला. पोचली नाही. डोळे तिरळे करून पुन्हा केला. ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "तू कर बे." ड्रायव्हरचीही पोचेना. भर दुपारी अंगणात दोन मोठी माणसं जीभ काढून उभी, आणि मी हसू येऊ नये म्हणून पटाशी पुसत बसलेलो.

"नाही जमत यार!" शेटजी खूश होऊन म्हणाले. "उचल. मस्त आहे."

तान्ह्या पोळ्याला मी पाहायला गेलो तर शेटजींच्या गल्लीतली सगळी पोरं जीभ नाकाला लावत फिरत होती आणि त्यांच्या आया माझ्याकडे रागानं बघत होत्या. पण त्यानंतर मागण्या आल्या, सगळ्यांना जीभवालाच हवा. एकानं तर दोन्ही नाकपुड्यांत एकदम मागितली. मी सांगितलं, जीभ एकच असते. तो म्हणाला, "दोन लाव." म्हणजे भांडण काही मिटलेलं नाही. फक्त आता ते मी नागपुरात राहून भांडतो. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "बैलाची जीब नाकात, आनि लोक इकत घेतत?" आणि बराच वेळ हसत राहिले.

काकूंना विचारलं, तुमच्यासाठी काय करू? त्या म्हणाल्या, "मले तो जावयावाला पाहिजे. दातवाला."

"काकू, तो खोटा आहे."

"मले मालूम नाही काय? मले कोणता वखराले जुपाचा आहे तो? येता-जाता पाहीन अन् हसीन."

दोनदा कोरायला बसलो. दोन्ही वेळा वरच्या ओठापाशी हात थांबला. गिऱ्हाईकासाठी जे दोन दिवसांत केलं होतं ते काकूंसाठी पुन्हा करायला इतकं जड का जातंय, मला कळत नाही. पण काकू, हे वाचाल तेव्हा ऐका: एक दिवस तुमच्या दारात तो बैल उभा करीन. वरचे आठही दात, पांढरेशुभ्र. आणि तो जावयांना दाखवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.