सटवाच्या वहाणा

“कुलूप लई चुगलखोर असतंय, घरात कुनी न्हाई म्हनून समद्या गावाला सांगत सुटतंय,” असं बायनाबाई एकदा म्हणाली होती.

युसूफ वडगाव या गावात कुणाला लेकराबाळांसह बाहेरगावी जायचं झालं, की घराची किल्ली तिच्याकडे यायची. हातात काठी नाही, दारात कुत्रं नाही; तरी तिच्या राखणीत कुणाची वाटीसुद्धा हललेली नव्हती. घरची माणसं निघाली की त्या दिवशी ती केरसुणीला हात लावत नसे. माणसाच्या पाठोपाठ घर झाडलं तर तो परत यायला नको, असा त्याचा अर्थ होतो. दुसऱ्या दिवसापासून मात्र अंगणात सडा पडायचा. दोरीवर मालकाचा ओला सदरा दिसायचा. पायरीवर जाड टाचांच्या पुरुषी वहाणा यायच्या. त्या ती घरोघर पिशवीतून सोबत न्यायची. आतल्या खोल्या बंद, पण बाहेरचं दार सताड उघडं. आणि अधूनमधून ती रस्त्याला ऐकू जाईल असं बोलायची, “आवं, उठा की आता. चहा गार व्हायलाय.”

जाणाऱ्यायेणाऱ्याला वाटायचं, आत गडीमाणूस आहे.

हे बोलणं तिला माळानं शिकवलेलं. धनगराची लेक, धनगराची सून. सुगी उरकली की मेंढरं घेऊन निघायचं, कुणाच्या रानात बसवायची, आणि तिथंच पाल ठोकायचं. नवरा, सटवा, मेंढरांमागं दूर जायचा. पालात ती एकटी. पहिल्याच वर्षी तो म्हणाला होता, “बाई एकटी हाय हे वाटसराला कळू द्यायचं न्हाई. मी आतच हाय असं समजून बोलत जा.”

“आन् तुमी उत्तर न्हाई दिलं तर?”

“मी आत असल्यावर तरी कुठं देतो?”

यावर ती खूप हसली होती.

पुढं मांजरसुंब्याजवळ हमरस्ता ओलांडताना मेंढरं वाचली, सटवा वाचला नाही. मेंढरं विकली गेली. त्याच्या वहाणा राहिल्या आणि हे बोलणं राहिलं. स्वतःच्या खोपटात ती त्याला कधी हाक मारत नसे. परक्याच्या घरात ते काम होतं. आपल्या घरात वेड ठरलं असतं. म्हणून कुणी किल्ली घेऊन आलं की तिच्या चेहऱ्यावर जे उजळून यायचं, त्याचं कारण किल्ली देणाऱ्याला कधी कळलं नाही. ते फक्त शेजारणीला, वच्छलाबाईला, ठाऊक होतं.

दिवाळीच्या सुट्टीत अमरसिंह बायको-मुलीला घेऊन केरळला निघाला. बडा शेतकरी, पुढाऱ्यांत उठबस, दोन मजली घर. त्याच्या बायकोनं, योगितानं, दारावर कॅमेरा बसवून घेतला होता.

“मावशी, तुमच्यासाठी न्हाई हं. चोरांसाठी हाय.”

बायनाबाईनं मान डोलावली. त्या यंत्राला डोळा असतो एवढं तिला समजलं. कानही असतो, हे कुणी सांगितलं नाही.

एका सकाळी तिनं अमरसिंहाचा सदरा पिळून दोरीवर टाकला आणि घराकडं वळून म्हणाली, “आवं, बाहेर या की. किती येळ आत बसताव?”

तिकडं दूर हॉटेलात योगिताच्या हातातल्या मोबाईलमधून ते शब्द आले. बाई आपल्या माणसाशी बोलते तोच तो आवाज होता. योगितानं नवऱ्याकडं पाहिलं. अमरसिंहानं लगेच गावात चुलतभावाला, परमेश्वरला, फोन लावला. “म्हातारीनं घरात कुनाला तरी घेतलंय. बघ जाऊन.”

परमेश्वर तिघांना घेऊन आला. भर दिवसा, गाड्या दारात आडव्या लावून.

“आत कोन हाय?”

बायनाबाई भांडी घासत होती. तिचे हात थांबले.

“कॅमेऱ्यात समदं ऐकू आलंय. ‘आवं’ कुनाला म्हनती? आन् या वयात?”

मागचे हसले. चौघे आत शिरले. पलंगाखाली, कणग्यांमागं, न्हाणीत, माडीवर. ती भिंतीला टेकून उभी राहिली. सांगायला एकच गोष्ट होती, ज्यांना हाक मारली ते मेलेत. पण एवढ्या वर्षांत हे तिनं आपल्या तोंडानं कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि या पोरांना सांगायचं तर त्या परक्या घरात सटवाला पुन्हा एकदा सरणावर ठेवायचं. ती गप्प राहिली. गप्प राहिली म्हणून संशय वाढला. गल्ली जमली. विधवा बाईचं नाव, जे तिनं माळावर, पालात, दुसऱ्यांच्या दारात जपलं होतं, ते तिथं चारचौघांत उघडं पडलं.

गल्लीबरोबर धावत आलेल्या वच्छलाबाईला कुंपणापलीकडून राहवेना. “काय रं परमेश्वरा, मेल्या मानसाला धराया चौघं आलाव का? सटवा हाय त्यो, तिचा नवरा! दाव की धरून, मीबी बघते!”

हसणं बंद झालं. परमेश्वरनं दोरीवरच्या सदऱ्याकडं, पायरीवरच्या वहाणांकडं पाहिलं. “आमाला काय सपान पडलं व्हतं का?” असं काहीतरी पुटपुटत तो गाडीवर बसला. गाड्यांचा आवाज कोपऱ्यावर असतानाच बायनाबाईनं केरसुणी उचलली आणि सगळं घर झाडून काढलं.

वच्छलाबाईनं तिला वाचवलं होतं. पण आत कुणी नसतं, हे आता गल्लीला कळलं होतं. सांजेला रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, “सटवा, च्या घेतलास का बे?” दुसरा खिदळला. तिनं बाहेरच्या दाराला कुलूप घातलं. कुणाच्याही घराला पहिल्यांदाच. मग ती पायरीवर, वहाणांशेजारी बसली. अंगावर घेतलेलं घर टाकून जाणं तिला येत नव्हतं. घरची माणसं परत येईपर्यंत ती राहिली. सडा टाकला, देवाजवळ दिवा लावला. हाक मात्र मारली नाही.

गाडी आली. योगिता उतरली ती खाली मान घालूनच. तिनं सोनेरी काठाचं पातळ पुढं केलं. “मावशी, चुकलं आमचं. तुमी आधी सांगायचं तरी. कावून न्हाई सांगितलं?”

अमरसिंह बॅगा काढत म्हणाला, “जाऊ द्या बायनाबाई, मनावर घेऊ नका. उन्हाळ्यात तिरुपतीला जायचंय, तवा तुमीच लागताव.” मग वातावरण हलकं करायला हसला. “आन् सटवालाबी आना राखनीला.”

योगितानं त्याच्याकडं डोळे वटारले. त्याला उमगलं नाही.

दर वेळी घर परत सोपवताना बायनाबाई उंबऱ्यात थांबायची. आत तोंड करून हळूच म्हणायची, “आवं, चला. घरची मानसं आली.” आणि आतल्याला यायला लागेल तेवढा वेळ वाट बघायची. त्या दिवशीही ती उंबऱ्यात थांबली. आत पाहिलं. ओठ हलले असं योगिताला वाटलं, पण आवाज आला नाही.

वाळलेल्या सदऱ्याची तिनं नीट घडी घातली, त्यावर किल्ली ठेवली. पातळ योगिताच्या हातातच राहिलं. पायरीवरच्या वहाणा तिनं उचलल्या, धूळ झटकली, पदराखाली धरल्या, आणि फाटकाबाहेर पडली.