रेकॉर्ड प्लेअरचा हात

भांडुपच्या चाळीत आमची आणि सहदेव परबांची खोली एका भिंतीची. मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मालनकाकी. काका मिलमध्ये फिटर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. चोवीस वर्षं केलं ते काम. तिथे एवढा खडखडाट, की माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची. ब्याऐंशीचा संप झाला आणि मिल त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. मग ते स्टेशनजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. मूलबाळ नव्हतं.

मालनकाकी मुलुंडला एका घरी स्वयंपाकाला जायची. लग्नाआधी गावच्या देवळात ती भजनं म्हणायची. गळा गोड होता, पण मुंबईत आल्यावर गाणं राहूनच गेलं. चौऱ्याऐंशी साली त्या घरच्या पद्मजाबाईंनी कॅसेट प्लेअर घेतला आणि जुना रेकॉर्ड प्लेअर, सोबत तीसेक रेकॉर्ड, काकीला देऊन टाकले. मोटर फिरत होती. फक्त पिन धरणारा हात मुळापासून मोडला होता. दोन दुकानांत विचारलं, तर म्हणाले, ह्याचे पार्ट येत नाहीत आता.

काका म्हणाले, "हात मोडलो हा मा? मगे नवो करूया."

रविवारी ते दारात पाट घेऊन बसायचे. वर्कशॉपच्या भंगारातून ॲल्युमिनियमची बारीक नळी आणली. ती एका टोकदार खिळीवर तोलून बसवली, म्हणजे हात वर-खाली आणि आडवा, दोन्हीकडे फुंकरीनेसुद्धा हलावा. मागच्या टोकाला आटे पाडून पितळेचं वजन फिरवत बसवलं. पिनेचा भार रेकॉर्डवर किती पडतो ते मोजायला काट्याऐवजी दोन पैशांची नाणी घेतली. एक नाणं एक ग्रॅमचं. मधोमध टेकवलेल्या पट्टीच्या एका टोकावर चार नाणी, दुसऱ्यावर पिन. पट्टी आडवी राहिली की हात बरोबर. मी बाहेर निघाले की मला थांबवून दाखवायचे, "नीला, बघ, फुंक मार." मी फुंकर मारली की नळी डोलायची आणि काका लहान मुलासारखे हसायचे.

दिवाळीच्या आदल्या रविवारी पहिली रेकॉर्ड लावली. सुरुवातीला झकास वाजली. शेवटाकडे काकीने तोंड वाकडं केलं.

"'स' फाटता हा ओ. शेवटाक नुसता सूं-सूं."

"खंय? माका तर बरा वाटता."

तिने परत लावली. तो तुकडा आला तसं तिने बोट वर केलं. काका कान जवळ नेऊन बसले. मग माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली, फाटत होतं. चाळीतल्या कोणालाही ऐकू आलं असतं.

"तुमका ऐकाक येणा नाय?" काकीने हळूच विचारलं. त्यांनी तिचे ओठ वाचले. मिलमध्ये सगळेच ओठ वाचायचे, त्यामुळे आपले कान कधी जायला लागले ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये तपासून डॉक्टर म्हणाले, आवाजाने आतल्या नसा गेल्यात, जे उरलंय तेही कमी होत जाईल. कानाच्या मशीनचा फारसा उपयोग नाही.

काकांनी तो हात काढून फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. तीन महिने त्याचं नाव घेतलं नाही. शेवटी काकीनेच स्टूल लावून तो खाली काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"तुमचे कान गेले, पन माझे आसत मा?"

पुढचं दीड वर्ष ते काम तिच्या कानांनी चाललं. काकांनी कागदावर रेघा मारून काढलं, की रेकॉर्ड आत-आत संपत येते तशी पिन खाचेत तिरकी होते. मग पिनेकडचं टोक थोडं आत वळवलं, खिळी जराशी मागे सरकवली. प्रत्येक बदलानंतर काकी ऐकायची आणि बोटांनी खूण करायची. थोडं आणखी. आता जास्त झालं. परत मागे. तिला चूक सापडली की त्यांना आनंद व्हायचा, कारण चूक सापडली तर ती दुरुस्त करता येत होती.

शहाऐंशीच्या गणपतीत एका दुपारी तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. काकांनी प्लेअरच्या लाकडावर तळवा ठेवला होता. एव्हाना त्यांना फक्त तेवढंच कळायचं, लाकडातली थरथर. "बरोबर?" त्यांनी विचारलं. काकी हो म्हणाली आणि आत जाऊन पदराने डोळे पुसत राहिली.

त्यानंतर प्लेअर वाजेनासाच झाला. काका घरात असले की काकी लावायची नाही. लावलाच तर दोन मिनिटांत पिन उचलायची. पुढे दर रविवारी दुपारी मला काका जिन्याच्या पायरीवर दिसायला लागले. उन्हातसुद्धा. एकदा मी त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ दिसतील असं सावकाश विचारलं, "काका, इथे काय बसता?"

"मी समोर असलंय की ती मधेच बंद करता गो," ते म्हणाले. "तिका वाईट वाटता. भायर इलय की पुरा ऐकता." मग त्यांनी विचारलं, "प्लेअर लागलो हा काय आता?"

आतून काकीचा आवाज येत होता. रेकॉर्डबरोबर तीही गुणगुणत होती, लग्नानंतर पहिल्यांदाच कदाचित. मी मान हलवली. ती गातेय हे मात्र मला सांगवलं नाही.

काकांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. एक बाजू संपायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ ते तिथेच बसून राहिले.