शिवडीच्या चिखलात

संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं, त्या वर्षांत मला शिडाच्या होडीचं खूळ लागलं. मोर्चाला मी जायचो, घसा बसेपर्यंत ओरडायचो. पण रविवार उजाडला की चिंचपोकळीच्या आमच्या खोलीत माझं चित्त ठरत नसे. वडिलांनी गिरणीतून आणलेल्या मांजरपाटाचं शीड आईनं मशीनवर शिवून दिलं होतं, आणि वर बजावलं होतं, "बुडून मेलास तर या घरात पाऊल टाकू नकोस."

स्वतःची होडी मात्र नव्हती. बांबूला शीड गुंडाळायचं, ट्राम नेईल तिथवर जायचं आणि किनाऱ्यावर कोणाची तरी होडी मागून घ्यायची. बरोबर माझ्याच वर्गातला एक दोस्त असे. तो शीव कोळीवाड्याचा, त्यामुळे ओळखी त्याच्या. गिरगाव चौपाटीला दुपारचा वारा चांगला लागे, दादरला लाटा नाकातोंडात जात. कंडक्टर आमचा बांबू पाहून म्हणायचा, "यंदा गुढी लवकर उभारताय वाटतं."

हा दोस्त जमिनीवर भारी वाचाळ. पाण्यात गेला की अर्धा मुका. त्याच्या घरचा दंडकच होता, पाण्यावर कोणी कोणाला नावानं हाक मारायची नाही. काय ते 'ए' म्हणायचं. आणि धुक्यातून आपलं नाव ऐकू आलंच तर ओ द्यायची नाही, कारण हाक मारणारा माणूस नसतो.

"मग कोण असतो? पोस्टमन?" मी विचारायचो.

"हसायचं तर हस. नाव मात्र घेऊ नको."

थंडीतल्या एका सकाळी आम्ही शिवडीला गेलो. गोदामांच्या मागे उतरून एक छोटी होडी घेतली. खाडीवर धुकं होतं, त्यात गिरण्यांचा धूर मिसळलेला. थोडं आत गेल्यावर वारा पडला, शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं आणि ओहोटीच्या उथळ पाण्यात होडी चिखलावर बसली. भरती लागेपर्यंत आम्ही शेंगदाणे खात बसलो. पाणी चढू लागलं तसा मी ढकलायला खाली उतरलो. दोन हिसडे दिल्यावर होडी सुटली आणि मी मांडीपर्यंत चिखलात तसाच राहिलो. मान वर केली तर होडी दिसेना.

वल्ह्याचा आवाज मात्र येत होता. म्हणजे दोस्त जवळच होता आणि मला शोधत होता. पाणी कमरेला लागलं. पाय उपसायला गेलो की आणखी रुतत होते. मी घाबरलो, आणि त्याचं नाव घेऊन ओरडलो.

वल्ह्याचा आवाज बंद झाला.

मी काय करून बसलो ते तेव्हा डोक्यात आलं. मला नियम ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं; म्हणजे नावानं हाक मारणारा हा मी असूच शकत नव्हतो. मग मी 'ए' म्हणून पाहिलं, शिव्या घातल्या, शेवटी रडलोही. पलीकडे तो श्वास रोखून बसला असणार. पाणी छातीवर आलं. आपण मरणार हे मला अगदी स्वच्छ कळलं, आणि तेही दोस्त हाकेच्या अंतरावर असताना. त्याचा इतका राग मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

पुढे काय सुचलं कोण जाणे. मोर्चात पुढचा एकजण अर्धं म्हणतो आणि मागचे पुरं करतात. कितीही दमलेला असो, माणसाला ते पुरं केल्याशिवाय राहवत नाही. उरलासुरला दम एकवटून मी ओरडलो, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे."

उत्तर दोन ठिकाणांहून आलं. समोरून आलं ते ठणठणीत, खुशीतलं, अगदी जवळचं. उजवीकडून आलं ते चिरकं, मध्येच फाटलेलं, आणि बरंच लांबून.

पाण्यानं आता अंग उचललं जात होतं आणि पाय सैल झाले होते, पण अंगात एकदाच झोकून देण्यापुरता जीव होता. समोरचा आवाज हाताला लागेल इतका जवळ होता. मी उजवीकडे अंग झोकून दिलं. जो घाबरलाय तो माणूस असेल, एवढंच मनात आलं.

पोहता पोहता डोकं फळीवर आपटलं. दोस्तानं काखेत हात घालून मला आत ओढलं. त्याचे दात वाजत होते. माझे खांदे, कान, तोंड तो चाचपून बघत होता. मघाचा राग कुठच्या कुठे गेला आणि मी त्याला मिठी मारली.

"तू ह्या बाजूनं कसा आलास रे?" तो कुजबुजला.

"कसा म्हणजे? पोहत. तुझ्याकडूनच ओ आली ना."

त्यानं मान हलवली आणि बोट केलं ते भलतीकडेच, तो ठणठणीत आवाज आला होता त्या बाजूला.

"तुझ्या आवाजातली घोषणा तिकडनं आली. मी त्याला ओ दिली."

मी दुसरं वल्हं उचललं, आणि किनारा कुठे आहे हेही न विचारता उलट्या दिशेला मारत सुटलो.