आर्डिसने न ऐकलेलं भाषण

आर्डिस टफ्टेला आमच्या लुंडबी गावात कुणी बसलेलं पाहिलेलं नाही. लग्न असो, बारसं असो की मयत असो, चर्चच्या तळघरात पंगत असली की ही स्वयंपाकघरात. खांद्यावर टॉवेल टाकून कॉफीच्या बंबापाशी उभी. बाहेर कोण काय बोललं ते तिला दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांकडून कळणार, आणि तेही धड नाहीच. कारण आमच्या लोकांचं उत्तर ठरलेलं असतं, "छान झालं." वादळात छप्पर उडून गेलं तरी "जरा वेगळंच झालं" यापलीकडे इथला माणूस जात नाही. पॅनमधला शेवटचा खजुराचा बार, म्हणजे वडी, कुणी उचलत नाही. कुणी त्यातला अर्धा घेतो, कुणी उरलेल्याचा अर्धा, आणि शेवटी राहिलेला चुरा आर्डिस सिंकपाशी उभ्यानेच खाते. मी मूळची आयोवाची. लग्न करून मिनेसोटात आले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, तरी अजून "ती आयोवाची फर्न" अशीच माझी ओळख करून देतात. मलाही ते सोयीचं आहे. मी तोंडाला येईल ते बोलते आणि लोक ते चालवून घेतात.

चर्चच्या कार्यालयाचं कामही आर्डिसच बघते. कार्यालय म्हणजे तळघरातली, चर्च तापवणाऱ्या भट्टीशेजारची खोली, आणि तिथला तो पिवळा पडलेला कॉम्प्युटर. त्यातलं विंडोज इतकं जुनं आहे की बनवणाऱ्यांनीही त्याचा नाद कधीच सोडला. या काळात पाद्री बदलले, गालिचे बदलले, कॉम्प्युटर मात्र तोच. दर वसंतात आर्डिस त्याचं झाकण काढते आणि रंगाच्या कोऱ्या ब्रशने धूळ झाडते. कुणी नवा घेऊ म्हणालं की, "चालतोय ना? मग?" रविवारची पत्रकं त्याच्यावर निघतात. दुपारी बाराला मनोऱ्यातून घंटा वाजते तीही त्याच्याच पोटातून. खरी घंटा तडकली तेव्हा आमच्या ऑर्गनवाल्या आर्व्हिडने मनोऱ्यात चार भोंगे बसवले, वायरी खाली आणल्या, आणि कुठे काय जोडलं ते कुणालाही न सांगता तो अ‍ॅरिझोनाच्या उन्हात राहायला गेला. तेव्हापासून घंटा आपोआप वाजते. आम्हाला तळघरात ती जेमतेम ऐकू येते, आणि भट्टी घुरघुरत असली की तेवढीही नाही.

आर्डिसचा नवरा लेलँड बीट पिकवतो. बोलण्याच्या बाबतीत बीटही त्याच्यापेक्षा बरं म्हणायचं. पण एकदा हा माणूस चारचौघांत उभा राहून बोलला होता. त्यांच्या रेनीच्या लग्नात, याच तळघरात. मी आणि आर्डिस तेव्हा आत होतो. बंबाने फ्यूज उडवला होता आणि कॉफी जमिनीवर वाहत होती. बाहेरून आधी मोठा हशा ऐकू आला, मग एकदम शांतता. आम्ही पुसून बाहेर आलो तर बायका डोळ्यांना रुमाल लावून बसलेल्या, आणि लेलँड आपल्या बुटांकडे बघत होता.

"काय बोललास?" आर्डिसने घरी जाताना विचारलं होतं.

"काही विशेष नाही."

तेव्हापासून रेनीला मुलं झाली, ती शाळेतून बाहेरही पडली, पण उत्तर तेच. दुसऱ्यांना विचारावं तर "छान बोलला हं." अधिक खोदून विचारणं आर्डिसच्या रक्तात नाही. मी विचारलं असतं, पण तिनेच मला शपथ घातली होती.

या फेब्रुवारीत लेलँडचा भाऊ वेंडेल तिच्या हातात अंगठ्याएवढा पेन ड्राइव्ह ठेवून गेला. लग्नाची जुनी टेप त्याने शहरातून त्यात भरून आणली होती. "सगळं आहे बघ यात," म्हणाला. "लेलँडचं भाषणही."

ती तडक माझ्याकडे आली. कोट न काढता दारातच उभी.

"फर्न, त्या दिवशी तो माझ्याबद्दल काही बोलला का, एवढंच मला कळायला हवंय. नसेल बोलला तरी चालेल. पण बायका रडल्या कशाला?"

इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मग रेनीला पाठव ना. ती फोनवर लावेल आणि सांगेल तुला."

"तिने माझ्या आधी ऐकायचं?"

"बरं, वाचनालयात जा. तिथे नवे कॉम्प्युटर आहेत."

"तिथे अख्खा तालुका बसलेला असतो. मला रडू आलं तर?"

राहता राहिला चर्चचा पिवळोबा. आम्ही पेन ड्राइव्ह खुपसला. कॉम्प्युटरमध्ये मुळात जो प्लेअर होता त्याने काळा पडदा दाखवला आणि आपल्याला हे जमणार नाही असं कळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी आर्डिस वाचनालयात गेली. तिथल्या बाईंनी तिला एका फुकटच्या प्लेअरचं नाव सांगितलं, काहीही घाला, चालवतो म्हणाल्या. आर्डिसला फुकट या शब्दाचा संशय.

"फुकट कसा? बनवला कुणी?"

"फ्रान्समधल्या कॉलेजच्या मुलांनी सुरू केला. आता जगभरातली माणसं फावल्या वेळात सांभाळतात."

"आणि नाव कुणाचं?"

"तसं कुणाचंच नाही."

"म्हणजे आपल्या स्वयंपाकघरासारखंच की," आर्डिस म्हणाली आणि तिचा संशय तिथेच फिटला. आभाराचं कार्ड कुठे पाठवायचं, हेही तिने विचारून घेतलं.

तिने आणलेली पहिली आवृत्ती अगदी ताजी होती. पिवळोबाने ती बघितली आणि आपल्याच्याने ही चालणार नाही असा निरोप दिला. आर्डिस परत बर्फातून गाडी हाकत गेली. प्लेअर बनवणाऱ्यांनी जुन्या आवृत्त्याही फेकून न देता जपून ठेवल्या आहेत हे कळल्यावर तिला त्या माणसांबद्दल फारच आदर वाटायला लागला. पिवळोबाच्या वयाला शोभेल अशी आवृत्ती ती घेऊन आली. मग शेजारी बसून मी नखं कुरतडत होते आणि ती उभ्याने, वाकून, पडद्यावरचा करार शब्द न शब्द वाचत होती.

"अगं, हे कुणी वाचत नाही!" मी ओरडले. "हो म्हण आणि पुढे चल."

"न वाचता हो म्हणायचं?"

शेवटी पडद्यावर नारिंगी शंकू उगवला. रस्त्याच्या कामावर मांडून ठेवतात तसाच. आर्डिसने पेन ड्राइव्हमधलं लग्न त्याच्यावर ओढून टाकलं, आणि काय सांगू, आमचं तळघर पडद्यावर आलं! तरणा वेंडेल अ‍ॅकॉर्डियनवर पोल्का वाजवतोय, रेनी नवऱ्याबरोबर, टॉडबरोबर, नाचतेय, मागे घरोघरून आलेल्या हॉटडिशच्या भांड्यांची रांग. फक्त आवाज नाही.

"आवाज वाढव," मी म्हटलं.

तिने वाढवला. काही नाही. त्या प्लेअरमध्ये आवाज शंभराच्याही वर नेता येतो, तिने तिथपर्यंत नेला. भट्टी घुरघुरत होती, पडद्यावर अ‍ॅकॉर्डियन मुक्याने उघडमीट करत होतं. मग लेलँड उभा राहिला. त्याच्या ओठांकडे बघत आर्डिस पडद्याला नाक लागेपर्यंत वाकली. लेलँडने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. लोक हसले. लेलँड पुन्हा काही बोलला. लोक हसायचे थांबले. आणि तो बसला.

"दार दाखवलं त्याने," आर्डिस हळूच म्हणाली. "आपण होतो तिथलं दार."

तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या कॅफेची बेव्ह होती. आर्डिसने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"आर्डिस, घाई काही नाही हं. कामात नाहीस ना?"

"नाही गं, बोल."

"तसं काही नाही. हवा काय थंड पडलीय ना... चर्चमध्ये काही कार्यक्रम आहे का? छान चाललाय. पोल्का जरा मोठा होता, म्हणजे माझी काही तक्रार नाही."

आर्डिस गोंधळली. मी आयोवाची, मी फोनवर तोंड नेलं.

"बेव्ह, सरळ सांग. तुला काय ऐकू येतंय?"

पलीकडे बराच वेळ कपबश्या वाजल्या. मग बेव्ह म्हणाली, "लेलँड. मनोऱ्यातून. तो इथेच बसला होता दोस्तांबरोबर कॉफी घेत. सगळे आपापल्या कपात बघत बसले. बिल तसंच टाकून आत्ताच उठलाय तो."

मी कॉम्प्युटरच्या मागे हात घातला. एकच वायर होती, भिंतीतून वर गेलेली, आर्व्हिडची. मला हसू आवरेना. आर्डिस मात्र पांढरीफटक पडली होती. "म्हणजे सगळ्या गावाने पुन्हा ऐकलं," ती म्हणाली, "आणि मीच नाही."

"मग जा ना बाहेर! मनोऱ्याखाली उभी राहा. मी परत लावते."

"गावाला दोनदा त्रास?"

"आर्डिस, आता गेली नाहीस ना, तर मी ते रविवारी प्रार्थनेत लावीन."

तिने कोट घातला. दारातून परत फिरली, ओट्यावरचा पॅन उचलला. बेव्हला परत करायचा धुतलेला पॅन, त्यात ताजे बार. "जातेच आहे तर देऊन टाकते," म्हणाली. रिकाम्या हाताने तिला बर्फातही उभं राहवत नाही.

आमची खिडकी जमिनीलगत आहे, बाहेरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. थंडीसाठी लावलेलं प्लास्टिक मी टराटरा फाडलं, तावदान वर ढकललं. आर्डिसचे बूट येऊन उभे राहिले. मी रेघेवरचा ठिपका मागे ओढला, आणि वरून लेलँड बोलू लागला.

"टॉड, मला भाषण येत नाही. एकच गोष्ट सांगतो. हे जेवण जिने केलं ती इथे नाहीये. ती त्या दाराच्या पलीकडे आहे. कायम असते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिला एक सांगायचं राहून गेलंय. म्हणजे मी सांगायला जातो. दर वेळी जातो. पण मी दारात दिसलो की ती माझ्या हातात पॅन देते, हा टेबलावर ठेव म्हणते. मी ठेवतो. परत येईपर्यंत धीर जातो."

चार भोंग्यांतून हशा शेतांवर पसरला.

"तर तू तसं करू नकोस. पॅन हातात पडायच्या आधी सांगून टाक. माझं नशीब किती चांगलं निघालं ते या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त तिलाच नाही."

आर्डिसचे बूट हलले नाहीत. रस्त्याकडून दुसरे बूट आले, मोठे, बीटच्या मातीचे, आणि तिच्यासमोर थांबले. मी तावदानाखाली मान घालून वर पाहिलं, तर पॅन दिसला. सवयीने तो पुढे झाला होता आणि घ्यायला लेलँडचे हातमोजेही सवयीने पुढे आले होते. मग पॅन मागे सरकला, खाली वाकलेल्या आर्डिसने तो बर्फावर ठेवला आणि पायाने बाजूला सारला.

"बोल," ती म्हणाली.

आणि नेमका तेव्हाच वेंडेलचा पोल्का सुरू झाला! चार भोंगे, शंभराच्या वर आवाज. मी जी सापडेल ती कळ दाबत सुटले. चित्र मोठं झालं, चित्र लहान झालं, पोल्का काही थांबेना. खिडकीत मोठे बूट छोट्या बुटांच्या अगदी जवळ आले होते. शेवटी मी आर्व्हिडची वायरच उपटली. तोवर बाहेर सगळं बोलून झालं होतं.

दोघं खाली आली. आर्डिसचं नाक लाल, गाल ओले. लेलँडने टोपी हातात धरली होती.

"काय म्हणाला?" मी सरळ विचारलं.

"काही विशेष नाही," आर्डिस म्हणाली. आणि हसली.

मग तिने माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. स्वयंपाकघरात लेलँड कपाटांमागून कपाटं उघडत होता. कप कुठे असतात ते त्याला आजवर कधी ठाऊकच नव्हतं. काहीतरी पडून खळकन फुटलं.

आर्डिस उठली नाही.