घरटी एक

प्रबंधासाठी मी बावीस प्रश्नांची प्रश्नावली केली होती आणि ती घेऊन चौलजवळच्या एका वाडीत जाऊन बसले. विषय असा, की बाईवर प्रेम करणारी बाई, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, अशी माणसं गावात राहतात तेव्हा गाव त्यांना आपलं म्हणतं का? मीही त्यातलीच. पनवेलला मैत्रिणीबरोबर राहते आणि घरमालकापुढे आम्ही मावसबहिणी असतो. तेव्हा प्रश्न विद्यापीठाचा कमी आणि माझाच जास्त होता, हे आधीच कबूल करते.

ज्यांच्याकडे गेले त्या दोघी साठीच्या पुढच्या. एक निवृत्त शिक्षिका, गाव त्यांना बाई म्हणतं. दुसरी आक्का, सुपारीची बाग बघणारी, जिभेनं तिखट. तीस वर्षं दोघी एका घरात. मी पहिला प्रश्न वाचला, गाव तुम्हाला स्वीकारतं का? बाईंनी कागद माझ्या हातून घेतला, चष्मा लावला आणि हा असला प्रश्न काढलाय कुणी, म्हणून मलाच झापलं. मग म्हणाल्या, कागद राहू दे, आमच्या आक्काचा पराक्रम ऐक.

त्यांच्या गावी उत्सवाच्या आदल्या दिवशी देवळात जेवण असतं. त्याचं आवतण 'घरटी एक', म्हणजे एका घरातून एकच माणूस. गुरव दारोदार सांगत फिरतो. या दोघींना मात्र तो वर्षानुवर्षं 'दोघी या' असंच सांगायचा. गावाच्या लेखी त्या एका छपराखालच्या दोन एकट्या बाया, म्हणजे दोन घरं. मग एका वर्षी तो म्हणाला, तुमच्याकडचं एक माणूस पाठवा. आक्काला वाटलं, बाईंना वगळलं. झालं! तिनं देवळात जाऊन चारचौघांत गुरवाला असं फैलावर घेतलं, की बिचाऱ्यानं कान धरले. तेव्हापासून परत 'दोघी या' सुरू.

बाई हे हसत सांगत होत्या. आक्का मात्र सुपारी सोलता सोलता थांबली. काय होऊन बसलं ते तिला घरी आल्यावर बाईंकडून कळलं होतं. "आयतं आलेलं घालवलं मी," एवढंच ती म्हणाली. परत जाऊन सांगायची लाज वाटली, आणि तशीच सात वर्षं गेली. मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर हेवाही वाटला. आमच्या इमारतीत आम्हा दोघींना कुणी चुकूनसुद्धा एक घर धरलेलं नाही.

उत्सव पंधरा दिवसांवर होता. त्याच्या तोंडावर मी काहीबाही कारण काढून पुन्हा गेले. संशोधकानं मध्ये पडायचं नसतं, नुसतं बघायचं असतं, हे मला घोकून घोकून शिकवलेलं. गुरव अंगणात आला तेव्हा मी पडवीत गप्प बसून होते. तो नेहमीचं 'दोघी या' बोलला आणि जायला वळला. आत बाई भांडी लावत होत्या, तो आवाज थांबला. आक्का उठली.

"एकच येल," ती म्हणाली. "घर एकच हाय आमचं."

गुरव परत फिरला. मग त्यानं विचारलं, कोण येणार? बाई येतील, आक्का म्हणाली. बरं, म्हणून तो शेजारच्या घराकडे गेला. मला वाटलं होतं केवढं काय होईल, आणि हे असं मिनिटभरात उरकलं.

दुसऱ्या दिवशी बाई ठेवणीतली साडी नेसून एकट्याच देवळात गेल्या. आक्कानं आमच्या दोघींपुरता भात टाकला, आमटी केली. पानावर बसल्यावर मी न राहवून विचारलं, देवळातलं जेवण चुकलं, वाईट नाही वाटत? तिनं नाही म्हणून मान हलवली. डोळे भरले होते, ते तिनं पुसलेही नाहीत.

"दरसाल दोघी जायचो, दाराला कुलूप लावून," ती म्हणाली. "आज घराच्या वतीनं बाई गेल्यात."