काठवटीखालचं पाऊल

मी मराठी तिसरी शिकलो आणि सोलापूर जिल्ह्यात पोलीस शिपाई झालो. बायको गेली त्याला आता दोन वर्षं होतील. खुनाचा तपास कसा करायचा हे आमच्या ठाण्याला तिनं शिकवलं. सरकारी कागदात ते कुठं आलं नाही, म्हणून मी लिहून ठेवतो. मला पटलं तेवढंच लिहिणार.

त्या वेळी आमच्या ठाण्याची पार अब्रू गेली होती. एका गावात खून झाला. आम्ही सायकली हाणत पोचलो, तर खुनाची जागा लख्ख! मढं आत हलवलेलं, आणि साहेब येणार म्हणून पाटलानं अंगण झाडून, शेणानं सारवून, वर रांगोळी घालून घेतलेली. आम्हाला गूळ-पाणी मिळालं, आणि खुन्याची पावलं गेली शेणाखाली. मग गावानं ज्याच्याकडं बोट दाखवलं त्याला आम्ही धरलं. तो गरीब आठ महिने आत बसला आणि कोर्टात सुटला. खरा खुनी काही सापडला नाही. चूक आमचीच, दुसऱ्या कुणाची नव्हे.

मग नवे फौजदार आले. त्यांनी हुकूम काढला. खुनाच्या जागी कुणी शिरायचं नाही, पावलं दिसली तर त्यावर पाट्या पालथ्या घालायच्या, आणि जबान्या एकेकट्याच्या घ्यायच्या. हा हुकूम गावोगावच्या पाटलांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. चार गावं हिंडून घरी आलो आणि पाय चेपत बसलो.

"कुणाला सांगितलं?" बायकोनं विचारलं.

"पाटलाला."

"पाटील सारवतो व्हय अंगण?"

मी पाय चेपायचा थांबलो.

"अवं, केरसुणी बायांच्या हातात. मढं हललं की जागा सारवायची ही रीत हाय. पाटलाच्या बापाला तरी आवरंल का ती? बायांना सांगा की."

"मी कसं सांगू?"

"तुमी नगाच सांगू. तुमचं तोंड बगून त्या घरात पळतील."

मग ती वळसंगच्या बाजारात कासाराशेजारी बसायला लागली. बांगड्या भरताना बाईचा हात अडकलेला असतो, ती पळणार कुठं? ऐकावंच लागतं. "खून झाला तर पोलीस येईस्तोवर सारवू नगा. पाऊल दिसलं की झाका. सारवलंत तर खुनी सुटंल आनि तुमचा घरधनी अडकंल," असं ती प्रत्येकीला सांगायची. स्वतः एक बांगडी भरली नाही. कासार वैतागला.

त्या उन्हाळ्यात तिकडच्याच एका गावात एका शेतकऱ्याला पहाटे अंगणात कुऱ्हाडीनं मारलं. आम्ही पोचलो तर गावानं एका धनगराला लिंबाला बांधलेलं. मेंढरं पिकात शिरली म्हणून आदल्या दिवशी त्याचं मयताशी भांडण झालं होतं. धनगर डाव्या पायानं लंगडा. तोंड सुजलेलं.

पाटील म्हणाला, "साहेब, तुमचं काम आमीच उरकलंय. निस्ती फाशी द्या."

साहेब सरळ मयताच्या अंगणाकडं गेले. दारातच त्या घरची एक म्हातारी काठी घेऊन बसलेली, कानडी मुलुखातून आलेली.

"ब्याडा!" ती ओरडली. म्हणजे नको.

"आजी, मी फौजदार."

"आसशील की. पायताण काढ. तुडवायचं न्हाय."

साहेबांनी पायाच्या पट्ट्या सोडल्या, बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर! आम्ही ओठ चावले.

आत बघतो तर अंगणभर पाट्या, घमेली, आणि एका जागी भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट पालथी घातलेली. त्या दिवशी त्या घरात भाकरी कशावर केली असेल देव जाणे.

साहेबांनी स्वतः एकेक उचललं. काठवटीखालचं पाऊल सगळ्यांत साफ निघालं. खिळे मारलेली वहाण, टाचेचा एक खिळा गेलेला. दोन्ही पावलं नीट टेकलेली. साहेबांनी धनगराला लिंबापासून सोडवून मऊ मातीत चालवलं. त्याच्या डाव्या पायानं मातीत सरळ रेघ ओढली. अंगणात तशी रेघ कुठंच नव्हती.

मग साहेबांनी गावातल्या बाप्यांना ओळीनं वहाणा काढायला लावल्या. मयताच्या विहिरीचा वाटेकरी, फाशी द्या म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा, तो मागं सरकला. त्याचीच टाच एका खिळ्यानं उणी. तो नाही नाही म्हणत राहिला. पण त्याच्या घरच्यांच्या जबान्या एकेकट्याच्या घेतल्या, तेव्हा पहाटे तो घरात नव्हता हे बाहेर आलं.

धनगर आधी ढसाढसा रडला. मग डोळे पुसत त्यानं विचारलं, "माझी मेंढरं कुनी पाजली का?"

आठ दिवसांनी तो पोलीस लाइनीत आला आणि माझ्या बायकोच्या पुढ्यात कोकरू ठेवलं. बाजारातली गोष्ट त्याला म्हातारीनं सांगितली होती. तेवढ्यात साहेब तिथनं चालले होते, ते थांबले.

"बाई, बक्षीस घेता येत नाही. खात्याचा नियम आहे."

"मी तुमच्या खात्यात हाय व्हय?"

साहेबांनी डोकं खाजवलं. "नाही."

"मग?"

साहेब हसत निघून गेले. कोकरू राहिलं. पुढं त्यानं माझा कमरेचा पट्टा अर्धा चावून टाकला, तर ती मलाच बोलली, "पट्टा खाली टाकावाच कशाला मानसानं?"